‘काही लागलं तर सांगा’: भांडुपमधल्या एका कुटुंबाचं स्तनकर्करोगाच्या उपचारातलं वर्ष

पार्श्वभूमी

भांडुप पश्चिमेला वन रूम किचनमध्ये राहणारं पाच माणसांचं कुटुंब. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रुग्णाला इथे ‘ताई’ म्हटलं आहे. ताईंचं वय ४४. घरातूनच पोळीभाजीचे डबे द्यायच्या, रोज १८. यजमान छापखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. सासूबाई ७४ वर्षांच्या, मुलगी बारावीला, मुलगा आठवीत.

जूनमध्ये अंघोळ करताना डाव्या स्तनात ताईंच्या हाताला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती मनावर घेतली नाही. हा समज घरोघरी आहे आणि नेमका उलटा आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. आधी पावसाळा, मग श्रावणातले उपास, मग पाच दिवसांचे गणपती. ‘गणपती होऊन जाऊ देत’ असं म्हणता म्हणता तीन महिने गेले. विसर्जनानंतर काखेत दुसरी, लहान गाठ लागली तेव्हा त्यांनी नणंदेला फोन केला. यजमानांना सांगितलं ते त्यानंतर दोन दिवसांनी.

पहिला निर्णय: आधी सुई की आधी ऑपरेशन

घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये सांगितलं गेलं, ‘उद्या भरती व्हा, गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू.’ घरच्यांना ते पटलं, कारण ते लवकर होणार होतं. शिवाय ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हे सासूबाईंनी ऐकलं होतं आणि दोन शेजाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला होता.

नणंद कल्याणला एका शाळेत लिपिक आहेत. त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि स्तनाच्या आजाराच्या तज्ज्ञ सर्जनची वेळ घेतली. हा एक दिवस या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा ठरला. निदान न करता गाठ काढली तर कडेनं आजार उरला की नाही हे नीट कळत नाही आणि बऱ्याचदा ऑपरेशन पुन्हा करावं लागतं. केमो आधी देऊन गाठ लहान करण्याची संधीही हातची जाते. जाड सुईची बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा तपासायला काढणं, जागा बधिर करून अर्ध्या तासात होते. तिच्यामुळे आजार पसरून नुकसान होतं याला काहीही आधार नाही.

अहवाल आला: कर्करोग, तिसरी ग्रेड (म्हणजे झपाट्यानं वाढणारा), गाठ ३.२ सेंटिमीटर, काखेतल्या गाठीतही कर्करोगाच्या पेशी. ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) वाढणारा आजार. हर-टू या प्रथिनाची तपासणी ‘२+’, म्हणजे धड हो नाही आणि धड नाही नाही. अशा वेळी फिश नावाची पुढची तपासणी लागते आणि तिला आठवडाभर जातो. या आठवड्यात नातेवाइकांचे फोन सुरू झाले: ‘डॉक्टर वेळ काढतायत, दुसरीकडे न्या.’ पण त्या उत्तरावर औषधच बदलतं. हर-टू पॉझिटिव्ह निघालं असतं तर वर्षभराचं वेगळं इंजेक्शन लागलं असतं. फिश निगेटिव्ह आली. बाकीच्या तपासण्यांत शरीरात इतरत्र आजार दिसला नाही.

उपचार असा ठरला: दर तीन आठवड्यांनी एक असे एसी केमोचे (ॲड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही दोन औषधं) चार डोस, मग पॅक्लिटॅक्सेल या केमोच्याच दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याला एक असे बारा, मग स्तन वाचवून ऑपरेशन, मग रेडिएशन, मग गोळी. केमो सुरू होण्याआधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवली. केमोनं गाठ दिसेनाशी झाली तर सर्जननं कुठे कापायचं हे त्या क्लिपवरूनच कळतं. ती बसवायची राहिली तर पुढे फार अडचण होते. ‘क्लिप बसवली का?’ हे कुटुंबानं स्वतःहून विचारावं.

दुसरा निर्णय: कुठे

तीन पर्याय होते. परळचं टाटा: अनुभव मोठा, खर्च कमी, पण गर्दीमुळे प्रत्येक खेपेला जवळजवळ पूर्ण दिवस आणि सोबत एक मोकळा माणूस हवा. मुलुंडच्या बाजूचं खासगी रुग्णालय: घरापासून वीस मिनिटं, पण यजमानांचा मेडिक्लेम तीन लाखांचा आणि उपचार जवळजवळ वर्षभराचे. तो मध्येच संपणार हे आकडेमोड केल्यावर स्पष्ट दिसत होतं. तिसरा, दादर-परळ पट्ट्यातलं एक ट्रस्टचं रुग्णालय, जिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होती. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

त्यांनी तिसरा निवडला. आमच्या मते निवड योग्य होती, आणि तिचं कारण पैशाइतकंच सोबतीचंही होतं: नायगावला मावससासूंचं घर रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

अडचण कागदांत आली. लग्नात ताईंचं नाव बदललेलं. आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर माहेरचं. रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसानं, म्हणजे आरोग्यमित्रानं, पहिल्याच दिवशी सांगितलं की दोन्हीकडे एकच व्यक्ती असल्याचं दिसल्याशिवाय मंजुरीचा अर्ज पुढे जाणार नाही. यजमान म्हणाले, पहिला डोस रोख भरून घेऊ, नंतर बघू. आरोग्यमित्रानं त्यांना थांबवलं, कारण योजनेत मंजुरी उपचाराआधी लागते आणि आधी भरलेले पैसे परत मिळतील असं धरून चालता येत नाही. भाच्यानं विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र करून शिधावाटप कार्यालयाच्या तीन फेऱ्या मारल्या. नऊ दिवस लागले. फिशचा अहवाल येईपर्यंतच हे काम सुरू केलं होतं, म्हणून प्रत्यक्षात उशीर दोनच दिवसांचा झाला.

अडचण: माणसं भरपूर, काम कुणाचंच नाही

बातमी पसरली आणि पहिल्या पंधरवड्यात चाळीसेक माणसं येऊन गेली. फळं, नारळपाणी, गव्हांकुराचा रस, कुणाच्या तरी ओळखीतल्या वैद्याची पुडी. प्रत्येक जण निघताना एकच वाक्य म्हणायचा: ‘काही लागलं तर सांगा हं.’ म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण या वाक्यानं काम आजारी माणसाच्याच अंगावर पडतं. काय लागेल हे ओळखायचं तिनं, कुणाला जमेल हे ताडायचं तिनं आणि संकोच बाजूला ठेवून मागायचंही तिनंच. ताईंनी कुणाकडेच काही मागितलं नाही. पहिल्या डोसानंतर चौथ्या दिवशी त्या पुन्हा पोळ्या लाटत होत्या.

मुलीपासून आजार लपवला होता. बारावीचं वर्ष आहे, अभ्यास बिघडेल, ही मोठ्यांची भीती. तिला ‘आईच्या गाठीचं छोटं ऑपरेशन आहे’ इतकंच सांगितलं. दुसऱ्या डोसाच्या सुमारास ताईंचे केस जाऊ लागले. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांनी ते जातातच. मुलीनं कपाटावरची फाइल काढून वाचली. आठवडाभर ती आईशी बोलली नाही. आजाराचं दुःख होतंच, पण ‘मला एकटीलाच ठेवलं’ याचा राग त्याहून जास्त होता.

भाऊबीजेची रात्र

दुसऱ्या डोसाचा अकरावा दिवस भाऊबीजेला आला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्याच दिवसांत घरात दिवाळीची माणसं होती, त्यातल्या एका लहान मुलाला सर्दी-खोकला.

रात्री साडेदहाला ताईंना थंडी वाजली. थर्मामीटरचा सेल संपलेला. शेजारून आणलेल्यावर ताप १००.९ फॅरनहाइट. यजमान रात्रपाळीला. सासूबाई आणि मुलांनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. केमो चालू आहे हे फोनवर कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे साहजिकच ‘पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघू’ असं उत्तर आलं. गोळीनं ताप उतरला आणि सगळे झोपले. पहाटे पाचला ताप १०३, बोलणं तुटक. रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ३००. निरोगी माणसात ते दीड हजारांच्या वर असतात आणि पाचशेच्या खाली साधा जंतूही जिवावर बेततो. शिरेतून अँटिबायोटिक, पाच दिवस भरती.

सूचनांचा कागद पहिल्या दिवशीच मिळाला होता. तो फाइलमध्ये होता, फाइल कपाटावर होती, आणि रात्री घरात जागी असलेली एकमेव व्यक्ती, जिला तो कागद वाचता आणि समजता आला असता, ती मुलगी होती. आजार तिला फाइलवरून कळला होता, पण ताप आला तर काय करायचं हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. आम्हाला या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक इथे दिसते. मूल किती लहान आहे, परीक्षा कधी आहे, हे प्रश्न खरे आहेत. पण घरात रात्री रुग्णाजवळ जो असतो, त्याला आजाराचं नाव आणि तापाचा आकडा माहीत असलाच पाहिजे.

काय बदललं

भरतीच्या तिसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या समाजसेविकेनं नणंद, यजमान आणि मुलीला एकत्र बसवलं. त्यांनी आधी ताईंना विचारलं की कुणी काय केलेलं तुम्हाला चालेल. हा प्रश्न तोवर कुणीही विचारला नव्हता. ताईंची उत्तरं अनपेक्षित होती. स्वयंपाकघरात परकं कुणी नको. अंघोळीला मदत फक्त बहिणीची. यजमानांनी केमोच्या दिवशी सोबत येऊ नये, कारण ते घाबरतात आणि मग त्यांना सांभाळावं लागतं. केमोला शेजारच्या वहिनी चालतील, त्या गप्प बसतात.

मग भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरलं. केमोचे दिवस लाल, सातवा ते चौदावा दिवस चौकोनात, आणि चौकोनात ‘भेटी बंद’. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्यावर सोडतात.

रक्ततपासणी डोसाच्या आदल्या दिवशी भांडुपमध्येच, नमुना देण्याची आणि अहवाल डॉक्टरांना पाठवण्याची जबाबदारी भाच्याकडे. यानं तीनदा फुकटची खेप वाचली. पेशी कमी असल्या की डोस पुढे जातो, आणि ते परळला पोचल्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

पुढच्या डोसांपासून पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन जोडलं गेलं. ते केमोनंतर चोवीस तास उलटल्यावरच द्यायचं असतं आणि तोवर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. औषधाच्या दुकानातून बर्फाच्या पाकिटासकट आणणं वहिनींकडे, टोचणं गल्लीतल्या दवाखान्यातल्या नर्सकडे. त्यानंतर कंबर आणि हाडं दोन दिवस ठणकतात हे आधीच माहीत असल्यामुळे घबराट झाली नाही.

तापाचा कागद फ्रिजवर लागला. तो मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिला होता:

‘१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त: लगेच निघायचं, सकाळची वाट नाही. विचारल्याशिवाय तापाची गोळी नाही. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य: केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला. पहिलं अँटिबायोटिक तासाभरात. रात्रीची रिक्षा: खालचे काका.’

रात्री परळ गाठणं शक्य नसेल तर जवळचं कोणतं रुग्णालय केमोच्या तापाचा रुग्ण घेतं, हे भाच्यानं दिवसा जाऊन विचारून ठेवलं. फाइलच्या मुख्य पानांचे फोटो चौघांच्या मोबाइलमध्ये गेले. नवीन थर्मामीटर दोन आले.

उपाय सुचवणाऱ्यांसाठी एकच रस्ता ठेवला: नणंदेचा फोन. त्या ऐकून घ्यायच्या, वहीत लिहायच्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायच्या. ताईंपर्यंत एकही पुडी पोचली नाही. केमोचं औषध यकृतातून जातं आणि त्यात काय मिसळलंय हे माहीत नसलेला काढा डोस लांबवू शकतो. पण माणसं दुखावून चालत नाही, कारण डबा घेऊन येणारीही तीच असतात.

डबे आणि भिशी

अठरा डब्यांचा प्रश्न राहिला. बंद केले तर गिऱ्हाईक कायमचं जाणार. दुसऱ्या कुणाला दिले तर परत मिळतील का? भिशीतल्या एका मैत्रिणीनं ते चालवायला घेतले. दोघींनी एका वहीत लिहून घेतलं: भाजीचा खर्च वजा जाता उरलेल्यातला तिसरा हिस्सा ताईंना, आणि बरं झाल्यावर गिऱ्हाइकं परत. मैत्रीत कागद कशाला, असं दोघींनाही वाटलं होतं. पण या कागदानंच मैत्री टिकली असं आम्हाला वाटतं.

भिशी बारा जणींची, महिना पाच हजार. ताईंचा नंबर नववा होता. तिसऱ्या नंबरच्या बाईनं अदलाबदल केली आणि साठ हजार नोव्हेंबरातच हातात आले. योजनेत न बसणारा खर्च, प्रवास, खाणं आणि सुट्ट्यांचा कापलेला पगार त्यातून निघाला. भिशी आधी उचलली की पुढचे हप्ते मिळकत नसताना भरावे लागतात. नणंदेनं सहा हप्त्यांचे तीस हजार त्याच दिवशी वेगळे काढून ठेवले, म्हणून तो फास बसला नाही.

पुढचे टप्पे आणि दोन चुका

साप्ताहिक डोसांसाठी छातीत केमो पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेत औषध सोडायची त्वचेखालची डबी, बसवला, कारण एसीच्या चार डोसांत हाताच्या शिरा कडक झाल्या होत्या. दर मंगळवारी वहिनींसोबत लोकलनं जाणं आणि टॅक्सीनं परत. दिव्यांगांच्या राखीव डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो. रुग्णालयाचा कागद जवळ ठेवला की हुज्जत होत नाही. आठव्या डोसाच्या सुमारास बोटांना मुंग्या येऊ लागल्या. ताईंनी ते सांगितलं नाही, ‘चालायचंच’ म्हणून. एके सकाळी तव्यावरची पोळी उलटताना दोन बोटं भाजली आणि ते त्यांना फोड आल्यावर कळलं. पॅक्लिटॅक्सेलनं नसांवर परिणाम होतो आणि डॉक्टरांना वेळेत कळलं तर ते डोस कमी करू शकतात. त्यांनी तो कमी केला. आजही करंगळी आणि शेजारचं बोट थोडं बधिर आहे. ‘त्रास काय?’ असं विचारलं की ताई ‘काही नाही’ म्हणायच्या. ‘ब्लाउजचं हुक लावता येतं का? नाणं उचलता येतं का?’ असं विचारायला हवं होतं.

एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं. गाठ ०.९ सेंटिमीटर उरली होती, काखेतल्या १४ ग्रंथींपैकी एकीत आजार. घरी येताना बगलेत नळी होती. रोज सकाळी त्यातलं पाणी मोजून तारखेसह लिहिण्याचं काम मुलानं केलं. सलग दोन दिवस ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावर नळी निघाली.

आणि इथे प्रेमानंच घात केला. बहीण चिपळूणहून आली होती. तिनं ताईंना पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. डावा हात पाच आठवडे अंगाशी धरलेला. फिजिओथेरपिस्टनं दिलेला व्यायामाचा कागद होता: भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, स्वतःचे केस विंचरणं. ‘टाके उसवतील’ या भीतीनं तो बाजूला पडला. रेडिएशनच्या आखणीला हात डोक्यावर घेऊन निश्चल पडावं लागतं. ताईंचा हात खांद्याच्या वर जाईना. आखणी दोन आठवडे पुढे गेली आणि रेडिएशन भर पावसात आलं.

१५ अधिक ५, अशा २० बैठका, सोमवार ते शुक्रवार. मशीनवर दहा-पंधरा मिनिटं, पण भांडुपहून जाऊन-येऊन तीन तास, आणि रुळांवर पाणी साचलं की तेही नाही. तेव्हा नायगावचं घर कामी आलं. चार आठवडे ताई तिथेच राहिल्या. बैठक एकही चुकली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

जूनमधली गाठ जूनमध्ये दाखवली असती तर काखेपर्यंत गेली नसती असं खात्रीनं म्हणता येत नाही, पण ते तीन महिने गेले ही गोष्ट खरी आहे. मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं: आजाराचं नाव, उपचार किती महिने, आणि तिच्याकडून काय हवं. ऑपरेशननंतर शुश्रूषा करणाऱ्या बहिणीलाच फिजिओथेरपिस्टसमोर बसवायला हवं होतं. व्यायाम रुग्णाला शिकवला आणि हात धरून ठेवणारी व्यक्ती बाहेर बाकावर बसून होती.

यजमानांकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष झालं. केमोला येऊ नका म्हटल्यावर ते बाजूला पडले. फेब्रुवारीत झोप उडाली, कामावर एकदा यंत्रात हात जाता जाता वाचला. तेव्हा कुठे समाजसेविकेनं त्यांची समुपदेशकाशी गाठ घालून दिली. त्यांना दुसरं काम देता आलं असतं, आणि नंतर दिलंही: दर महिन्याच्या औषधांचा हिशेब आणि साठा.

आजची स्थिती

टॅमॉक्सिफेनची गोळी, २० मिलिग्रॅम रोज रात्री, किमान पाच वर्षं. केमोत थांबलेली पाळी परत आली तर अंडाशयांचं काम थांबवणाऱ्या इंजेक्शनचा विचार होईल. पाळी नसताना रक्तस्राव दिसला तर लगेच कळवायचं आहे. गोळी सुरू होऊन महिना झाला की कुणी ‘कशी आहेस’ विचारत नाही आणि त्यामुळे गोळीच सर्वांत सहज सुटते. पट्टी संपायच्या दहा दिवस आधीच्या चौकोनात यजमानांचं नाव लिहिलेलं आहे. डाव्या हाताला सुई आणि रक्तदाबाचा पट्टा नको, हे गल्लीतल्या लॅबमध्येही सांगून ठेवलं आहे.

अठरापैकी अकरा गिऱ्हाइकं परत आली. मैत्रीण आता पोळ्या करते आणि ताई भाजी, कारण लाटण्यानं डावा हात भरून येतो. मुलगी बारावी पास झाली. फ्रिजवरचा तापाचा कागद कुणी काढलेला नाही.